उघड्या दाराची दवंडी

दान गुप्त असावें, हा संस्कार आमच्या लोकांच्या मनावर फार खोल उमटलेला आहे. ह्या हाताचें त्या हातास कळूं नये असें आपण मुलांस लहानपणापासून शिकवितों, आणि जो देऊन बोलून दाखवितो त्यास मनांतल्या मनांत कमी लेखतों. हा संस्कार चांगला आहे यांत संशय नाहीं. परंतु चांगल्या संस्काराचाहि अर्थ नीट लावावा लागतो. न लावल्यास त्याचें उलटें फळ पदरीं येतें. पुष्कळ धर्मशाळांच्या दर्शनी भिंतीवर देणगीदारांचीं नांवें आंकड्यांसह संगमरवरांत कोरलेलीं आढळतात. पण आंत खोली कोणास मिळते, किती दिवस मिळते, आणि त्यासाठीं कोणास भेटावें, हें सांगणारी साधी पाटी दारावर नसते. म्हणजे जें झांकावयाचें तें उघडें, आणि जें उघडें ठेवावयाचें तें झांकलेलें! देणाऱ्याचें नांव गुप्त राहिलें तर दानाची शोभा वाढते; देण्याचें ठिकाणच गुप्त राहिलें तर दान घडतच नाहीं.

हा विचार आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत आहे, आणि त्यास निमित्त आमच्या गांवचें ख्रिस्ती मंदिर हें होय. आम्ही राहतों तें दख्खनच्या पठारावरील एक तालुक्याचें ठिकाण आहे; बाजारपेठ, न्यायकचेरी, एस्. टी. चें स्थानक, आणि स्थानकापासून हांकेच्या अंतरावर एक जुनें दगडी चर्च. आम्ही त्या धर्माचे नाहीं. तेव्हां त्या मंडळींनीं काय करावें हें सांगणारे आम्ही कोण, असा प्रश्न कोणी केल्यास तो अयोग्य म्हणतां येणार नाहीं. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याविषयीं बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण त्याच्या अंगणांतील विहिरीचें पाणी सर्वांसाठीं असेल, आणि ती विहीर रस्त्यावरून कोणास दिसत नसेल, तर तेवढें सांगण्याचा अधिकार शेजारधर्मानेंच आम्हांस दिला आहे.

त्या चर्चकडे रस्त्यावरून पाहणाऱ्यास काय दिसतें? उंच कुंपणाची भिंत, लोखंडी फाटक, आंत चिंचेचीं दोन झाडें, आणि फाटकावर एक इंग्रजी पाटी. तिच्यावर चर्चचें नांव व रविवारच्या उपासनेची वेळ. आतां आंत काय चालतें तें पाहा. एक बालवाडी आहे. आठवड्यांतून एकदां एक डॉक्टर येऊन फुकट तपासणी करतात. मुलींसाठीं शिवणाचा वर्ग आहे. परगांवच्या मुलांचें लहानसें वसतिगृह आहे. पेटी शिकविणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. ज्या घरीं मृत्यु झाला असेल त्या घरीं जाऊन बसणाऱ्या बायकांचें एक मंडळ आहे. आणि शनिवारीं सायंकाळीं मागच्या खोलींत दारू सोडूं इच्छिणाऱ्यांची बैठक भरते. ह्यांपैकीं एकहि गोष्ट केवळ ख्रिस्ती लोकांसाठीं नाहीं. पाळकसाहेबांस आम्हीं विचारलें तेव्हां ते मोठ्या सरळपणें म्हणाले, "आमचें दार सर्वांस उघडेंच आहे कीं!" दार उघडें आहे खरें, पण तें उघडें आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्यापुरतें उघडें दार आणि बंद दार यांत अंतर तें काय?

मराठी ख्रिस्ती बांधव चर्चला 'मंडळी' म्हणतात. शब्द किती सुंदर आहे! आपण तो घरच्या माणसांस लावतों, जमलेल्या श्रोत्यांस लावतों, पंगतीस बसलेल्या पाहुण्यांसहि लावतों. त्यांत भिंत नाहीं. परंतु व्यवहारांत हा शब्द कुंपणाच्या आंत राहतो, आणि बाहेर येते ती केवळ घंटा. घंटेस मात्र कुंपणाचा अडसर नाहीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चांतील घंटा मराठ्यांनीं देशावर आणल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळावर, वाईजवळ मेणवलीस आणि भीमाशंकरास त्या आजहि टांगलेल्या आहेत. घंटा कोणाच्याहि अंगणांत सारखीच वाजते आणि साऱ्या गांवास ऐकूं येते. पण नाद ऐकूं येणें निराळें, आणि निरोप पोहोंचणें निराळें.

निरोप न पोहोंचल्यानें काय होतें, ह्याचें एक उदाहरण आमच्या आळींतलेंच आहे. एका कुटुंबाचा कर्ता पुरुष कचेरींत कारकून. स्वभावानें मवाळ, हिशेबास पक्का, पण दारूनें पुरता घेरलेला. त्याच्या पत्नीस कोणीं सांगितलें कीं पुण्यास अशा लोकांची एक बैठक भरते, तेथें जाऊन पुष्कळ सुधारले. त्या माउलीनें नवऱ्याचें मन वळविलें, आणि दर शनिवारीं दोघें एस्. टी. नें पुण्यास जाऊं लागलीं. दोघांचें भाडें, अर्ध्या दिवसाची रजा, मुलें शेजाऱ्यांच्या हवालीं, आणि परत येतांना रात्रीचे अकरा. असें आठ महिने चाललें. नवव्या महिन्यांत पैसा आणि उमेद दोन्ही सरलीं. जाणें थांबलें आणि पिणें पुनः सुरू झालें. पुढें एक वर्ष गेलें. त्या वर्षांत थोरल्या मुलीची शाळा सुटली व ती एका कापडाच्या दुकानांत कामास लागली. आणि हा सर्व काळ, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, चिंचेच्या झाडांमागच्या खोलींत, तीच बैठक, त्याच वारीं, त्याच वेळीं, एक पैसाहि न घेतां भरत होती! हें त्या बाईंस अखेर कळलें तें भाजीवालीकडून. तिचा मुलगा तेथें जात असे.

काखेंत कळसा नि गांवास वळसा, ही म्हण आपण हंसत हंसत वापरतों. येथें हंसण्यासारखें कांहीं नाहीं, कारण कळसा शेजाऱ्याच्या काखेंत होता आणि त्यावर विनयाचा पदर होता. तो गृहस्थ आतां दर शनिवारीं त्या खोलींत जातो. तो पूर्ण सुटला असें म्हणण्याचें धाडस त्याची पत्नीहि करीत नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "आधीं कोणी सांगितलें असतें, तर पोरीचें वर्ष वांचलें असतें."

ज्या संघाची ती बैठक होती, त्या संघाच्या जन्माची हकीकतच ह्या बाबतींत मोठी बोधप्रद आहे. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ह्या नांवानें तो आज देशोदेशीं पसरलेला आहे. १९३५ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कचा बिल विल्सन नांवाचा, शेअरबाजाराशीं संबंध असलेला एक गृहस्थ कामानिमित्त अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं आला होता. कांहीं महिन्यांपूर्वीं त्यानें दारू सोडली होती; परंतु हातीं घेतलेलें काम फसलें, शहर परकें, खिशांत पैसे थोडे, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यास लागूनच मद्यालय. पुनः पिण्याची अनिवार इच्छा झाली असतां त्याची दृष्टि त्याच दिवाणखान्यांत लावलेल्या एका फलकाकडे गेली. त्या फलकावर शहरांतील चर्चांची यादी होती. त्यानें एका धर्मोपदेशकास दूरध्वनि केला आणि आपल्यासारख्याच एखाद्या मद्यप्याशीं गांठ घालून देण्याची विनंति केली. त्या धर्मोपदेशकानें कांहीं नांवें दिलीं. त्यांतून एका बाईंचा पत्ता लागला, आणि त्या बाईंच्या घरीं बिलची व डॉक्टर बॉब स्मिथ ह्यांची भेट झाली. दोघांनीं एकमेकांस सांवरिलें. त्या दोघांच्या भेटींतून हा संघ उभा राहिला. ज्यानें ती यादी भिंतीवर लावली त्यास आपण काय करीत आहों ह्याची कल्पना असणें शक्यच नव्हतें. यादी साधी होती. पण ती अशा जागीं होती कीं संकटांत सांपडलेल्या परक्या माणसाचीहि नजर तिच्यावर पडावी. ती चर्चच्या आंतल्या भिंतीवर असती तर?

ह्याच संघाच्या रीतींत आमच्या प्रश्नाचें उत्तरहि आहे. तेथें येणाऱ्यांचीं नांवें बाहेर सांगत नाहींत, 'अनाम' हें विशेषणच त्यानें आपल्या नांवांत घातलें आहे; परंतु बैठक कोठें व केव्हां भरते हें तो उघड सांगतो. माणसाचें नांव झांकावें, जागेचें नांव झांकूं नये. गुप्तदानाचा ह्याहून नेमका अर्थ आम्हांस सुचत नाहीं.

आतां चर्चांनीं मौन कां धरलें आहे, ह्याचा विचार करूं. पाळकांशीं व त्या मंडळींतील जाणत्यांशीं बोलतांना तीन कारणें आमच्या ध्यानांत आलीं. पहिलें शास्त्राचें. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत, दानधर्म करतांना डांगोरा पिटूं नये असा उपदेश आहे, आणि श्रद्धावान् लोक तो मनापासून पाळतात. परंतु त्याच्याच आधींच्या, म्हणजे पांचव्या अध्यायांत, लावलेला दिवा झांकून न ठेवतां घरांतील सर्वांस उजेड मिळेल असा उंच ठेवावा, असा दृष्टान्त आहे. एकाच प्रवचनांतील हे दोन उपदेश परस्परविरोधी असतील काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पहिला उपदेश देणाऱ्याच्या अहंकारास उद्देशून आहे, दुसरा घेणाऱ्याच्या अंधारास. डांगोरा पिटणाऱ्याचा डोळा आपल्या कीर्तीवर असतो. दिवा उंच ठेवणाऱ्याचा डोळा दुसऱ्याच्या वाटेवर असतो. हा भेद ध्यानांत आला म्हणजे शास्त्राची अडचण राहत नाहीं.

दुसरें कारण संवयीचें. जें सांगावयाचें तें रविवारीं उपासनेच्या शेवटीं व्यासपीठावरून सांगितलें जातें, आणि हल्लीं मंडळींतील सभासदांच्या मोबाइलवर धाडलें जातें. सांगणाऱ्यास वाटतें, आपण सांगितलें. पण ज्यांस त्या गोष्टीची गरज आहे ते त्या वेळीं उपासनेस नसतात, आणि त्यांचा क्रमांकहि त्या यादींत नसतो. ज्यांस आधींच ठाऊक आहे त्यांसच पुनःपुनः सांगणें, ही बहुतेक सर्व संस्थांची खोड आहे. एकट्या चर्चची नव्हे.

तिसरें कारण भीतीचें, आणि तें सर्वांत खरें आहे. आपण दवाखान्याची किंवा वर्गाची माहिती गांवांत सांगूं लागलों तर लोक म्हणतील, हें धर्मांतराचें जाळें आहे. त्यापेक्षां चार लोकांचें गुपचुप भलें करावें हें बरें, असें पुष्कळांस वाटतें. ही भीति पोकळ नाहीं. संशय आहे, त्याचा इतिहास आहे, आणि त्याचे चटके निरपराध माणसांस बसलेले आहेत. तथापि मौनानें संशय कमी होतो काय? आमचा अनुभव उलट आहे. ज्या घराची खिडकी कायम बंद असते, त्याच घराविषयीं आळींत अधिक कथा प्रसवतात. आमच्याच गांवांत त्या शनिवारच्या बैठकीविषयीं चमत्कारिक वदंता होत्या. तेथें काय चालतें हें कोणासच ठाऊक नसल्यामुळें ज्याच्या त्याच्या कल्पनेस मोकळें रान मिळालें होतें.

ह्या बाबतींत पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचें उदाहरण विचार करण्यासारखें आहे. १८८९ सालीं मुंबईस निघून पुढल्याच वर्षीं पुण्यास आलेल्या ह्या संस्थेंत उच्चवर्णीय हिंदु विधवांस आश्रय व शिक्षण मिळे, आणि कोणाच्या धर्मांत हात घालावयाचा नाहीं अशी तिची जाहीर भूमिका होती. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे गृहस्थ तिच्या सल्लागार मंडळांत होते. पुढें कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात अशी ओरड झाली. आपण सक्ति करीत नाहीं, आपल्या खोलींत प्रार्थना करतों आणि दार लावून घेत नाहीं, असें बाईंचें म्हणणें होतें. मुलींच्या पालकांस व मंडळास तें पुरेसें वाटलें नाहीं, आणि १८९३ सालीं हे सल्लागार बाहेर पडले. त्या वादांत कोणाचें किती खरें, ह्याचा निवाडा करणें हा आमचा हेतु नाहीं. आम्हांस त्यांतून दिसतें तें असें: भांडण शिक्षणाविषयीं नव्हतें, आश्रयाविषयींहि नव्हतें, 'धर्मांत हात न घालणें' ह्या शब्दांत काय येतें आणि काय येत नाहीं, हें दोन्ही पक्षांनीं आरंभीं एकाच अर्थानें समजून घेतलें नव्हतें, त्याचें होतें. म्हणून आमचें म्हणणें, काय देतों एवढेंच सांगून भागत नाहीं. त्याच्या बदल्यांत काय मागतों आणि काय मागत नाहीं, हेंहि तितक्याच ठळक अक्षरांनीं सांगावें. स्पष्ट सांगणारा माणूस आपल्याच शब्दांनीं बांधला जातो, आणि असा बांधलेला माणूस शेजाऱ्यास विश्वसनीय वाटतो.

वास्तविक मराठी मुलुखांतील चर्चला मौन हें मूळचें नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, आणि पुराणश्रवणाची गोडी असलेल्या लोकांस आपला विषय त्यांच्याच भाषेंत ऐकवावयाचा म्हणून त्यानें सुमारें ११,००० ओव्यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ सालीं छापून निघालें. त्याच्या धर्ममतांशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. परंतु सांगावयाचें तर ऐकणाऱ्याच्या भाषेंत आणि त्याच्या कानास रुचेल अशा चालीवर सांगावें, हें त्या परदेशी माणसास चारशें वर्षांपूर्वीं कळलें होतें. त्याच मुलुखांत आज चर्चच्या फाटकावरील पाटी इंग्रजींत असावी, हें आश्चर्य नव्हे काय? पुढें अमेरिकन मराठी मिशननें १८४२ सालीं अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, 'ज्ञानोदय' पत्र काढलें. त्यांत धर्माबरोबर भूगोल, विज्ञान आणि जगाच्या वार्ताहि मराठी वाचकांस मिळत. त्याच शहरीं मिस सिंथिया फॅरार मुलींच्या शाळा चालवीत. त्या शाळा जोतीराव फुल्यांनीं जाऊन पाहिल्या, त्यांचा त्यांच्या मनावर परिणाम झाला, आणि १८४८ सालीं पुण्यांत भिडे वाड्यांत मुलींची शाळा निघाली. ह्या घटनेचा अर्थ आम्ही असा करतों कीं, चांगल्या कामाची वार्ता कुंपणाबाहेर गेली म्हणजे त्या कामाचा लाभ घेणारेच तेवढे येतात असें नाहीं. तसेंच काम स्वतंत्रपणें, आपल्या पद्धतीनें, आपल्या लोकांत उभें करणारेहि येतात. फॅरारबाईंच्या शाळा कोणास ठाऊकच नसत्या, तर नुकसान केवळ नगरच्या मुलींचें झालें नसतें.

आजच्या काळांतहि हें घडत आहे. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्यें फादर जो परेरा ह्यांनीं १९८१ सालीं व्यसनाधीन माणसांसाठीं 'कृपा फाउंडेशन' ही संस्था सुरू केली. हे धर्मगुरु योगाचार्य बी. के. एस्. अय्यंगार ह्यांचे शिष्य. त्यांनीं उपचारांत योगासनांस स्थान दिलें, आणि कोणत्याहि धर्माच्या माणसास तेथें जाण्यास संकोच वाटूं नये अशी रचना केली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं 'सुवार्ता' मासिकाच्या द्वारें आणि हरित वसईच्या चळवळींतून पाणी, जमीन व झाडें ह्या साऱ्या तालुक्याच्या प्रश्नांवर मराठींत लिहिलें व बोलले. २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें; २०२४ सालीं ते वारले. चर्चचा माणूस गांवाशीं गांवच्या भाषेंत, गांवाच्या चिंतेविषयीं बोलूं लागला म्हणजे गांव त्यास आपला म्हणतो, ह्याला ह्याहून मोठी साक्ष कोणती हवी?

तर मग सांगावें कसें? येथें कोणी नाक मुरडून म्हणेल कीं, देवाच्या घरानें साबणाच्या दुकानाप्रमाणें जाहिरात करावी काय? आमचें उत्तर असें कीं, जाहिरात आणि सूचना ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नसलेली गरज उत्पन्न करते ती जाहिरात. असलेल्या गरजेस वाट दाखविते ती सूचना. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यांत लंगर सर्वांस खुला आहे हें सर्वांस ठाऊक आहे, कारण पिढ्यान् पिढ्यांच्या रिवाजानेंच तें सांगून ठेवलें आहे. जेथें असा रिवाज गांवाच्या अंगवळणीं पडलेला नाहीं, तेथें शब्दांनीं सांगावें लागतें, एवढाच फरक.

पहिली गोष्ट, फाटकावरची पाटी मराठींत असावी, आणि तिच्यावर उपासनेच्या वेळेबरोबर हीं कामें लिहावीं: काय मिळतें, कोणत्या वारीं, किती वाजतां, कोणास भेटावें, फुकट कीं शुल्कानें, आणि शुल्क असल्यास किती. त्याखालीं एक ओळ असावी कीं, येथें येणाऱ्यास धर्म विचारला जात नाहीं व प्रार्थनेची अट नाहीं. आणि एखाद्या कामास तशी अट असेलच, तर तीहि प्रामाणिकपणें लिहावी. ज्यास ती मान्य नसेल तो येणार नाहीं. पण फसला असें तो म्हणणार नाहीं. पाटी रंगविणाऱ्याची एका दिवसाची मजुरी, एवढाच काय तो खर्च.

दुसरी गोष्ट, केवळ फाटकावर लिहून थांबूं नये. ज्यास मदत हवी तो बहुधा चर्चच्या फाटकाशीं येतच नाहीं. तो डॉक्टरकडे जातो, शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जातो, अंगणवाडीच्या सेविकेपाशीं रडतो, पोलीस ठाण्यांत जाऊन बसतो. तेव्हां ह्या मंडळींस भेटून कागदाचा एक तुकडा त्यांच्या हातीं द्यावा. सार्वजनिक वाचनालयांत आणि एस्. टी. च्या चौकशीच्या खिडकीपाशीं एकेक चिकटवावा. आणि वर्ग बंद पडला, दवाखान्याचा वार बदलला, तर जुना कागद आपण होऊन काढावा. दूरच्या वस्तीवरून पायीं आलेल्या बाईस कुलूप दिसलें, तर ती पुनः येत नाहीं. आणि आणखी दहा जणींसहि येऊं देत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड: सांगण्याआधीं विचारावें. गांवास शिवणाचा वर्ग हवा आहे कीं म्हाताऱ्यांस दुपारीं बसावयास जागा हवी आहे, हें कुंपणाच्या आंत बसून कळत नाहीं. वर्षांतून एकदां फाटक उघडें ठेवून आसपासच्या चार गल्ल्यांतील लोकांस चहास बोलवावें, आणि त्या दिवशीं प्रवचन न करतां केवळ ऐकावें.

एक शंका पाळकसाहेबांनीं स्वतःच काढली, आणि ती खरोखर विचार करण्यासारखी आहे. "सगळ्यांस कळलें आणि सगळे आले, तर आम्ही पुरे कसे पडूं? वसतिगृहांत दहा मुलांची जागा, डॉक्टर एकच." ह्यावर आम्हीं म्हटलें, दहाच जागा आहेत असें लिहा. अकरावा परत गेला तर वाईट वाटेल. पण आज अकरावा आहे हेंच कोणास ठाऊक नाहीं. तो परत जातांना दिसला, म्हणजे गांवास कळेल कीं आणखी एका वसतिगृहाची गरज आहे, आणि तें चर्चनेंच काढावें असें थोडेंच आहे! जी गरज दिसत नाहीं तिच्यासाठीं कोणी वर्गणी देत नाहीं, वेळ देत नाहीं, कीं जागा देत नाहीं.

येथें आमच्या वाचकांकडेहि कांहीं काम येतें. आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबांत कोणी शिक्षक आहे, कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी निवृत्त होऊन घरीं बसलेला हिशेबनीस. गांवांत कोठें काय मिळतें ह्याची बित्तंबातमी पोटापाण्याच्या ओढाताणींत सांपडलेल्या माणसास नसते. ती आपणांस असूं शकते, फक्त चौकशी करण्याची तसदी घ्यावी लागते. चर्चचें फाटक ढकलून आंत जाऊन "येथें काय काय चालतें?" असें विचारल्यानें कोणाचा धर्म बुडत नाहीं. हाच प्रश्न आपल्या देवस्थानच्या विश्वस्तांस, दर्ग्याच्या मुजावरास, ज्ञातीच्या वसतिगृहाच्या चालकांस विचारावा. पाटी कोठें आहे आणि कोठें नाहीं, हें पाहावें. आणि जें कळेल तें मोलकरणीस, भाजीवालीस, दारच्या पहारेकऱ्यास सांगावें. आमच्या गांवीं एका बाईस खरा निरोप पोहोंचला तो एका भाजीवालीकडून पोहोंचला. तें काम तिच्यावर एकटीवर टाकून आपण सुशिक्षितांनीं स्वस्थ बसावें, हें कांहीं बरें नव्हे.